इन्व्हर्टर नसलेलं छोटं पॉवर स्टेशन घेताना: आकड्याआधी पिन बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात धायरीतल्या तुमच्या सोसायटीत जनरेटर आहे, पण तो लिफ्ट आणि जिन्याच्या दिव्यांपुरता. गुरुवारी देखभालीच्या कामासाठी लाइट गेली की वायफाय बंद, ऑफिसचं काम ठप्प, आणि आई-बाबांच्या खोलीत पंखा नाही. लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होतो, मोबाईल दोन आहेत. हिवाळ्यात वेल्ह्याकडे दुर्बीण घेऊन जाता आणि तिच्या माउंटला, म्हणजे तिला फिरवणाऱ्या मोटारीच्या स्टँडला, १२ व्होल्ट लागतात. २३० व्होल्टचा सॉकेटच नसलेला, फक्त डीसी (बॅटरीतून थेट मिळते तशी वीज) देणारा छोटा बॅटरीचा डबा, म्हणजे पॉवर स्टेशन, घ्यावा का, आणि घेताना काय बघावं?

हो, घ्या. तुमच्या यादीत पंखा सोडला तर २३० व्होल्टवाचून अडेल असं काही नाही, आणि पंख्यालाही पर्याय आहे. माझं काम बॅटरी पॅक जुळवण्याचं आणि दुरुस्तीचं. माझ्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा डबा मुळात बिघडलेला नसतोच, त्याचा पोर्ट त्यांच्या उपकरणाला जुळत नसतो. म्हणून डीसी डबा घेताना क्षमतेचा आकडा सगळ्यात शेवटी बघावा, असं माझं ठाम मत आहे. आधी पोर्ट, त्यावरचा व्होल्टेज, आणि पिन.

इन्व्हर्टर नसण्यात फायदा काय ते आधी सांगतो. तुमचा मोडेम १२ व्होल्टवर चालतो. भिंतीतल्या २३० चे १२ करण्याचं काम त्याचा अडॅप्टर करतो. इन्व्हर्टरवाल्या डब्यात बॅटरीतल्या डीसीचे आधी २३० व्होल्ट एसी करायचे आणि मग तुमच्या अडॅप्टरने त्याचे पुन्हा १२ करायचे, असा उलटसुलट प्रवास होतो. शिवाय छोट्या डब्यातला इन्व्हर्टर नुसता चालू ठेवायलाच साधारण ५ ते १५ वॅट खातो. मोठ्या लोडला ते जाणवत नाही, पण मोडेम स्वतःच ८ वॅटचा असेल तर इन्व्हर्टरही जवळपास तेवढंच खातो. १५० वॅट-तासांचा डबा धरा. थेट १२ व्होल्टच्या पोर्टवरून ८ वॅटचा मोडेम पंधरा-सोळा तास चालेल. त्याच क्षमतेच्या डब्यातून इन्व्हर्टरमार्गे चालवला तर आठ तासांच्या आसपास. बॅटरी तेवढीच, बॅकअप निम्मा.

मिक्सर, इस्त्री, फ्रिज, छताचा नेहमीचा पंखा यांतलं काही यावर चालणार नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. डिशचा सेट-टॉप बॉक्स मात्र बहुतेक वेळा १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर असतो, तो चालेल. काही लहान टीव्हीही तसे असतात.

आता खरेदीच्या आधीचं काम, आणि ते घरातच करायचं आहे. प्रत्येक उपकरणाचा अडॅप्टर हातात घ्या आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचा. ‘आउटपुट’ या शब्दापुढे जे लिहिलंय तेच उपयोगाचं. मोडेमवर बहुधा १२ व्होल्ट, १ किंवा १.५ अँपिअर सापडेल. काही जुन्या राउटरवर ९ व्होल्ट असतं, आणि त्याला १२ लावलं तर तो जळू शकतो. त्याच ओळीच्या आसपास एक छोटं चित्र असतं: मधे ठिपका, भोवती अर्धवर्तुळ, एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला उणे. अधिकची रेघ मधल्या ठिपक्याला जोडलेली असेल तर पिनच्या आतली बाजू पॉझिटिव्ह. हल्ली बहुतेक ठिकाणी तसंच असतं, पण बहुतेक म्हणजे सगळीकडे नव्हे. हे न बघता वायर लावू नका.

मग पिनचं माप. बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर हा सर्रास असतो, पण आतलं भोक कधी २.१ असतं तर कधी २.५. दोन्ही पिना हातात घेतल्या तर डोळ्यांना सारख्याच दिसतात. २.१ ची पिन २.५ च्या जॅकवर जातच नाही, म्हणून तिचा घोटाळा लगेच कळतो. उलटं झालं की कळत नाही. २.५ ची पिन २.१ च्या जॅकमध्ये आरामात बसते आणि आत सैल राहते. टेबलाला धक्का लागला की मोडेम रीस्टार्ट होतो, आणि माणूस डब्याला दोष देतो. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत दोन्ही मापांच्या पिना आणि कन्व्हर्टर स्वस्तात मिळतात. घरचा अडॅप्टरच सोबत न्या आणि त्याच्याशी जुळवून घ्या.

आता मुख्य मुद्दा. डब्यावर ‘१२ व्होल्ट’ लिहिलंय म्हणजे १२ व्होल्टच मिळतील असं नाही.

आत नेहमीचे लिथियम-आयन सेल तीन सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले, असतील तर पॅक पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट देतो आणि उतरत उतरत ९ पर्यंत येतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचे, म्हणजे एलएफपीचे चार सेल सिरीजमध्ये असतील तर चार्जिंगच्या शेवटी १४.६, एरवी बराच काळ १३ च्या आसपास, आणि शेवटी झपकन १० च्या दिशेला. स्वस्त डब्यात हा पॅक एका फ्यूजमधून थेट पोर्टला जोडलेला असतो. चांगल्या डब्यात मधे एक सर्किट असतं, ते आतला व्होल्टेज वर असो वा खाली, बाहेर १२ च देतं. याला रेग्युलेटेड आउटपुट म्हणतात. माहितीपत्रकात ‘९–१२.६ व्होल्ट’ किंवा ‘१२–१६.८ व्होल्ट’ असा पल्ला छापलेला दिसला की समजा, आउटपुट थेट बॅटरीचं आहे. दुकानदाराला विचाराल तर तो ‘सगळं चालतं’ म्हणेल. तुम्ही छापलेलं बघा.

तुमच्या दोन्ही कामांना हे लागू आहे. तीन सेलच्या थेट पॅकवर मोडेम सुरुवातीला छान चालतो, आणि बॅटरीत बराच दम शिल्लक असताना, व्होल्टेज साडेदहाच्या खाली आलं की रीस्टार्ट व्हायला लागतो. एलएफपीच्या थेट पॅकवर उलटी भीती असते: चार्जिंग चालू असताना पोर्टवर १४ च्या वर व्होल्टेज असतं. काही मोडेम ते सहन करतात, काही नाही, आणि कोणता सहन करेल हे बाहेरून कळत नाही. दुर्बिणीचं तर आणखी नाजूक. मोटार असलेल्या बऱ्याच माउंटवर ‘११ ते १५ व्होल्ट’ अशी मर्यादा लिहिलेली असते. माउंट एका ताऱ्यावरून दुसऱ्याकडे वळताना दोन्ही मोटारी एकदम ओढतात, त्या क्षणी व्होल्टेज दबतं आणि ११ च्या खाली गेलं की कंट्रोलर अलाइनमेंट, म्हणजे ताऱ्यांशी जुळवून घेतलेली दिशा, विसरतो. मध्यरात्री, थंडीत, सगळं जुळवून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तुम्ही रेग्युलेटेड १२ व्होल्टचाच डबा घ्या, आणि त्या पोर्टची ताकद किमान ५ अँपिअर असू द्या.

हॅम रेडिओवाल्यांनी (हौसेने वायरलेस सेट चालवणाऱ्यांनी) मात्र माझा हा सल्ला उचलू नये. त्यांचे बहुतेक सेट १३.८ व्होल्टसाठी बनवलेले असतात, त्यांना एलएफपीचा थेट पोर्टच जास्त मानवतो. वर रेग्युलेटरच्या स्विचिंगचा आवाज रिसीव्हरमध्ये येत नाही.

पोर्टपर्यंत १२ आले तरी उपकरणापर्यंत पोचतीलच असं नाही, कारण मधे वायर आहे. पाऊण स्क्वेअर एमएमची दोन मीटर लांब वायर घेतली आणि त्यातून ५ अँपिअर ओढले तर जाऊन-येऊन जवळजवळ अर्धा व्होल्ट वायरमध्येच जातो. दीड स्क्वेअर एमएम घेतली तर पाव व्होल्टच्या आत. दुर्बिणीसाठी जाड आणि जमेल तितकी आखूड वायर घ्या. गाडीतल्या सिगारेट लायटरसारखा गोल सॉकेट अनेक डब्यांवर १० अँपिअरपर्यंत देतो, पण त्यातला प्लग नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर धरलेला असतो. अंधारात पाय अडकला की सैल होतो आणि गरमही होतो. निवड असेल तर स्क्रूने आवळता येणारी किंवा खटकन लॉक होणारी पिन बरी.

यूएसबी-सीबद्दल फार लिहीत नाही, कारण लॅपटॉपवाल्यांना ते आता माहीत झालंय. एवढंच बघा की पोर्ट पॉवर डिलिव्हरीचा (यूएसबी-सीतून जास्त व्होल्टेज आणि वॅट देण्याच्या पद्धतीचा) आहे, २० व्होल्ट देतो, आणि तुमच्या लॅपटॉपच्या चार्जरवर जितके वॅट आहेत निदान त्याच्या जवळपास देतो. ६० वॅटच्या वर जायचं तर केबलही ५ अँपिअरची लागते, साध्या केबलवर वेग मिळत नाही. दोन पोर्ट एकदम वापरले की ताकद वाटली जाते का, हेही वाचा. ‘१०० वॅट’ लिहिलेल्या डब्यात शेजारी मोबाईल लावला की लॅपटॉपला ४५ वॅटच उरतात, असं दिसतं. आणि यूएसबी-सीतून १२ व्होल्ट काढणाऱ्या ज्या ट्रिगर केबल मिळतात त्यांच्या भरवशावर राहू नका. पॉवर डिलिव्हरीत ५, ९, १५ आणि २० हे ठरलेले टप्पे आहेत, १२ देणं बंधनकारक नाही. डब्याने १२ नाकारले तर केबल ९ वर उतरते आणि मोडेम अर्धवट चालू होतो.

पुढच्या दोन गोष्टी जाहिरातीत सहसा नसतात, पण रोजच्या वापरात त्यांनीच त्रास होतो. पहिली, कमी लोडवर आपोआप बंद होणं. पॉवर बँकेच्या सवयीने बनवलेले डबे फार थोडा करंट दिसला की ‘मोबाईल भरला’ असं समजून पोर्ट बंद करतात, किंवा काही तासांनी बंद करतात. रात्रभर चालणाऱ्या मोडेमसाठी किंवा छोट्या कॅमेऱ्यासाठी हे घातक. पोर्ट कायम चालू ठेवायची सोय आहे का, ते विचारा. दुसरी, एकीकडे चार्जिंग चालू असताना दुसरीकडे आउटपुट मिळतं का, आणि लाइट गेल्या-आल्याच्या क्षणी ते आउटपुट क्षणभर तुटतं का. डबा कायम मोडेमच्या मागे लावून ठेवायचा असेल तर हा झटका मोडेम रीस्टार्ट करायला पुरेसा असतो. दुकानात मोडेम नसला तरी १२ व्होल्टची एलईडी पट्टी लावून चार्जर काढून-घालून बघता येतं. पट्टी मिचकली तर मोडेमचं काय होईल ते कळलंच.

आता क्षमता. एमएएचचा (मिलिअँपिअर-तासांचा) आकडा बाजूला ठेवा, वॅट-तास बघा. ६०,००० एमएएच हे ३.७ व्होल्टने धरले तर २२२ वॅट-तास होतात आणि एलएफपीच्या ३.२ ने धरले तर १९२. आकडा एकच, वीज वेगळी. त्यातूनही कन्व्हर्टरमधली गळती जाऊन हातात ८५ टक्क्यांच्या आसपास येते. आकडा खरा आहे का, याचा अंदाज वजनावरून येतो. १८६५० आकाराचा एक चांगला सेल पन्नासेक ग्रॅमचा असतो आणि २,५०० ते ३,५०० एमएएच देतो. त्यावर ९,९०० वगैरे छापलेलं दिसलं तर तो सेल खोटा. आपल्याकडे सौर पथदिव्यांत सर्रास येणारा ३२७०० आकाराचा एलएफपी सेल ६,००० एमएएचचा, म्हणजे १९ वॅट-तासांचा, आणि १४० ग्रॅमच्या आसपास. असे आठ सेल म्हणजे दीडशे वॅट-तास आणि अकराशे ग्रॅमच्या आसपास नुसते सेल. ३०० वॅट-तासांचा एलएफपी डबा किलोभराचा निघाला तर तो उचलल्या जागी ठेवून द्या.

घरात, गरम हवेच्या गावात, रोज वापरायचं तर एलएफपीच घ्या. दोन हजार आणि त्याहून अधिक चार्ज-डिस्चार्ज सहज होतात, साध्या लिथियम-आयनचे पाचशे-आठशे. पेट घेण्याची शक्यताही बरीच कमी. तोटा वजनाचा आणि टक्केवारीचा. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे फक्त व्होल्टेज पाहून टक्के दाखवणारा डिस्प्ले ६० वरून थेट ५ वर येतो. आत-बाहेर जाणारा करंट मोजून टक्के दाखवणारा डबा घ्या. त्याची खूण म्हणजे पडद्यावर वॅट दिसतात आणि उरलेला वेळ लोडप्रमाणे बदलतो.

तुमचा हिशोब मांडू. मोडेम ८ वॅट, आठ तास: ६४ वॅट-तास. पंख्यासाठी १२ व्होल्टचा डीसी टेबल फॅन घ्या, १२ वॅटचा धरला तर सहा तासांचे ७२. लॅपटॉपची बॅटरी सकाळी भरलेली असेल तर दिवसाला वरून ६०-८० पुरतात. दोन मोबाईल ३०. बेरीज २३०-२५०, गळती धरून २९० च्या आसपास. म्हणजे ३०० चा डबा. २५६ मध्येही भागेल (१२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तास हे बाजारातलं नेहमीचं माप आहे), पण मग पंखा दुपारपुरता. वेल्ह्याच्या रात्रीसाठी माउंट १२ वॅट आणि भिंगावर दव धरू नये म्हणून लावायचा हीटर १० वॅट धरले तर आठ तासांचे १७६. हीटरला लोक मोजत नाहीत, आणि पहाटे चार वाजता तोच डबा संपवतो. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था १९४४ पासून आहे, तिथल्या नेहमीच्या निरीक्षकांपैकी कुणाकडे तुमच्यासारखाच माउंट असेल तर त्याचा प्रत्यक्ष खर्च विचारून घ्या.

चार्जिंग यूएसबी-सीनेही होणारा डबा निवडा, म्हणजे मूळ चार्जर हरवला किंवा जळला तरी लॅपटॉपच्या चार्जरवर भागतं. ६० वॅटने ३०० चा डबा भरायला साडेपाच-सहा तास लागतात, ३० वॅटने दुप्पट. सौर पॅनेल लावणार असाल तर इनपुटची कमाल व्होल्टेज मर्यादा आधी वाचा. ‘१८ व्होल्ट’ म्हणून विकलं जाणारं १०० वॅटचं पॅनेल लोड नसताना २१-२२ व्होल्ट देतं, थंड सकाळी थोडं जास्त. २५ व्होल्टच्या इनपुटला असं एक चालतं, दोन सिरीजमध्ये जोडली की डबा गेला. बाल्कनीत आडव्या टाकलेल्या १०० वॅटच्या पॅनेलमधून ६०-७० वॅट मिळाले तरी चांगलं, आणि पावसाळ्यात त्याच्या भरवशावर काही ठरवू नका.

सुरक्षेचं तडजोड न करता बघा, कारण हा डबा आई-बाबांच्या खोलीत रात्रंदिवस राहणार आहे. लिथियम सेल आणि बॅटरीसाठी आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते जागेवरच तपासा. सुटे सेल घेऊन कुणी जुळवून देत असेल तर बीएमएस (सेलना सांभाळणारं संरक्षक सर्किट), फ्यूज आणि स्पॉट वेल्डिंग, तिन्ही दाखवायला सांगा. सेलवर थेट सोल्डर केलेला पॅक मी घरात ठेवू देणार नाही. मे महिन्यात उन्हात लावलेल्या बंद गाडीत डबा सोडू नका, आणि चार्जिंग गादीवर किंवा सोफ्यावर करू नका. विमानातून न्यायचा विचार असेल तर १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी हातातल्या सामानात चालते, १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढची नाही. तुमचा ३०० चा लोहगावहून उडणार नाही.

डबा घरी आला की परत करण्याची मुदत संपायच्या आत त्याची परीक्षा घ्या. ऑटो पार्ट्सच्या दुकानातून १२ व्होल्ट, २१ वॅटचे इंडिकेटरचे दोन बल्ब आणि होल्डर आणा. डबा पूर्ण भरा, १२ व्होल्टच्या पोर्टला एक बल्ब लावा आणि मल्टिमीटरने पोर्टवरचा व्होल्टेज बघा. मग दुसरा लावा. रेग्युलेटेड पोर्ट दोन बल्बांवरही पावणेबाराच्या खाली जायला नको. थंड बल्ब पेटताना क्षणभर नेहमीच्या कैक पट करंट ओढतो, म्हणून दुबळा पोर्ट इथेच ट्रिप होतो. माउंटची मोटार सुरू होताना पोर्टवर येणारा ताण याच जातीचा असतो. एक बल्ब तसाच डबा बंद पडेपर्यंत जळू द्या (काच चांगलीच तापते, फरशीवर ठेवा). किती तास चालला ते लिहा, २१ ने गुणा. ३०० च्या डब्यातून २५० च्या आसपास आले तर माल चोख. १८० आले तर बिल घेऊन दुसऱ्या दिवशी दुकानात जा. आलेला आकडा आणि तारीख मार्करने डब्याच्या तळाशी लिहून ठेवा, आणि वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी त्याच बल्बवर पुन्हा मोजा.